नाताळ गेटच्या आत कोंडू नका : सांगली-मिरजेच्या सगळ्या मंडळ्यांना खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब, पंच मंडळी, महिला मंडळातल्या बहिणी आणि तरुण संघातली सगळी पोरं-पोरी,

सगळ्यांना जय ख्रिस्त.

हे पत्र कुठल्या एका मंडळीला, म्हणजे एका चर्चला, नाही. सांगली, मिरज, वानलेसवाडी, कुपवाड, तासगाव, विटा, जत, जिथं जिथं आपली माणसं 25 डिसेंबरला सकाळी नवीन कपडे घालून उपासनेला जातात त्या सगळ्यांना आहे. मी नर्स आहे, नोकरी मिरजेत आणि राहायला वानलेसवाडीत, लहानपणापासून क्वायरमधे गाते, त्यामुळं डिसेंबर म्हणजे काय असतं ते मला बाहेरून कुणी सांगायची गरज नाही. आणि जे लिहितेय ते कुणाला कमी लेखायला नाही, पण आता मीटिंगमधे दबक्या आवाजात बोलून भागणार नाही असं वाटलं म्हणून उघड लिहितेय.

विषय कॅरल राउंडचा आहे, म्हणजे नाताळच्या आधी रात्री घरोघरी जाऊन गाणी म्हणायच्या फेरीचा.

मागच्या एक-दोन वर्षांत आपल्या बऱ्याच मंडळ्यांनी न ठरवता ठरवून टाकलंय की राउंड फक्त आपल्याच घरांत काढायची. म्हणजे कसं, दोन-तीन गाड्या करायच्या, बिल्डिंगखाली उतरायचं, गुपचूप जिना चढायचा, दार उघडलं की आत शिरायचं, दार लावायचं, दोन गाणी म्हणायची, प्रार्थना, केक, करंज्या, आणि परत गाडीत. रस्त्यावर कुणी तोंड उघडायचं नाही. गेल्या डिसेंबरात आमच्या राउंडला तबल्याची जोडी गाडीच्या डिकीत ठेवली होती, ती राउंड संपेपर्यंत डिकीतच राहिली, कारण तबल्याचा आवाज बाहेर जातो आणि ‘उगाच कशाला’ असं सगळ्यांचं मत पडलं. ती जोडी तशीच परत चर्चच्या कपाटात जाताना बघून माझा जीव खरंच कळवळला, कारण याच जोडीवर आमच्या गल्लीत रात्री अकरा-अकरापर्यंत नाताळची भजनं झालेली मी ऐकलीयत, आणि ती ऐकायला गॅलरीत उभे असणारे निम्मे लोक आपले नव्हतेच.

भीती कशाची आहे ते मला नीट माहितीय आणि ती मी हलक्यात घेत नाही. 2025 च्या पावसाळ्यात आपल्याच जिल्ह्यात एका दुःखद घटनेनंतर धर्मांतराचा आरोप करत पाळकांबद्दल जाहीर सभेत काय काय बोललं गेलं ते आपण सगळ्यांनी मोबाईलवर बघितलं. तेव्हापासून घरात चार माणसं प्रार्थनेला जमली तरी खिडकी लावून घेणारी कुटुंबं आहेत. कुणी भाड्याच्या घरात राहतं, कुणाच्या पोराची नवी नोकरी आहे, कुणाचं दुकान आहे आणि गिऱ्हाईक तुटायची धास्ती आहे. पाळकसाहेबांना तर रात्री-अपरात्री फोन आला की घरचे दचकतात. ज्यांनी हे सोसलंय त्यांना ‘घाबरू नका ओ’ असं वरवर सांगणं बरं नव्हे. तरीपण मला म्हणायचंय की बाहेर या. आणि का म्हणतेय ते जरा ऐकून घ्या.

बायबलमधे लूकच्या दुसऱ्या अध्यायात आपण दरवर्षी काय वाचतो? ख्रिस्तजन्माची बातमी पहिल्यांदा कुणाला मिळाली तर रानात, उघड्यावर, रात्रपाळी करणाऱ्या मेंढपाळांना. मंदिरात नाही, राजवाड्यात नाही, कुणाच्या बंद खोलीत तर नाहीच. आणि देवदूताचं पहिलं वाक्य काय तर भिऊ नका, आणि हा आनंद सगळ्या लोकांसाठी आहे. सगळ्या लोकांसाठी! हे आपण पुलपिटवरून मोठ्यानं वाचणार, संडे स्कूलची पोरं झेंडू-पताकांच्या स्टेजवर त्याचं नाटक करणार, त्यात मेंढपाळ होणार घोंगडी पांघरून, आणि मग नाटक संपलं की आपण गेटला कुलूप लावून आतल्या आत केक कापणार. मला हे पटत नाही.

दुसरी गोष्ट साधी व्यवहाराची आहे. बंद दारामागं काय चाललंय हे शेजाऱ्याला दिसत नसलं की त्याला मोबाईलवर जो मेसेज येईल तोच खरा वाटणार. आधी असं नव्हतं. आमच्या शेजारच्या काकू, गणपतीला आमच्याकडं मोदक आणून देणाऱ्या, त्यांना आमच्या पाच-सहा गाण्यांचं धृपद पाठ होतं, दरवर्षी दारातून ऐकून ऐकून. त्यांना कुणी येऊन सांगितलं असतं की हे लोक आत काहीतरी भलतंच करतात तर त्यांनीच त्याला उभं केलं नसतं. आता त्यांच्या सुनेला आपल्याबद्दल काय माहिती आहे? काही नाही. चर्चचं गेट, आत जाणाऱ्या गाड्या, आणि 24 तारखेला लावलेली चांदणी, एवढंच. तिची चूक नाही, आपणच तिला काही दिसू दिलं नाही.

आता काही जण म्हणतील की मिरजेला आपली ओळख करून द्यायची काय गरज, मिशन हॉस्पिटल आहे की. आहेच. मिशनचे डॉक्टर वानलेस 1889 मधे भारतात आले, 1894 मधे मिरजेचं हॉस्पिटल उभं राहिलं, पुढं त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली, टीबीच्या पेशंटसाठी सॅनेटोरियम झालं आणि मी राहते त्या वाडीला त्यांचं नाव पडलं, कुष्ठरोग्यांना लोक दारात उभं करत नव्हते त्या काळात त्यांच्यासाठी इथं वेगळं हॉस्पिटल झालं. आज मिरज दवाखान्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं, अथणी, चिकोडी, जत, कवठेमहांकाळ, पार पंढरपूरकडनं पेशंट इथं येतात, त्याची सुरुवात तिथं आहे. पण सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसांच्या कामावर आपण आज किती दिवस ओळख सांगत फिरणार? वानलेस साहेब कंपाउंडच्या आत बसून राहिले असते तर मिरजेत काहीच झालं नसतं. त्यांनी मोतीबिंदू काढले, मुतखडे काढले, ज्याला गरज होती त्याचे काढले, आणि प्रार्थना उघड केली. लपवून केली नाही. मला वाटतं साक्ष म्हणतात ती हीच आणि यातलं एक बाजूला काढून दुसरं चालत नाही.

वॉर्डात गाणी म्हणायची पद्धत अजून काही ठिकाणी टिकून आहे, देवाची कृपा. एकदा आम्ही सात-आठ जण 23 तारखेच्या रात्री मेल सर्जिकल वॉर्डात गेलो होतो. आधी इनचार्ज सिस्टरना विचारलं, ज्या पेशंटला त्रास होईल त्यांच्या बाजूला उभं राहिलो नाही, माईक नाही, तबला नाही, एक पेटी आणि तीपण भाता हळू मारत. कॉटखाली चटईवर नातेवाईक झोपलेले, कुणाच्या उशाला स्टीलचा डबा, कुणाच्या उशाला चपलांची पिशवी. अथणीकडचे एक आजोबा होते, मांडीचं हाड मोडलेलं, पायाला वजन लावलेलं. नारायण वामन टिळकांचं भजन चालू झालं तसं त्यांनी कॉटच्या लोखंडी दांडीवर बोटांनी ठेका धरला, आणि धरला म्हणजे अगदी बरोबर धरला, आमच्यातलाच एक जण पुढं गेला पण आजोबा नाही चुकले. गाणं संपल्यावर कानडी ढंगाच्या मराठीत म्हणाले, अभंग हाय की हे, आन एक म्हणा. आम्ही आणखी दोन म्हटली. त्यांनी विचारलं कशाचा सण, आम्ही सांगितलं येशू जन्मला त्याचा. ते म्हणाले बरं झालं, मला वाटलं सण-बिण सगळं घरी राहिलं. बस, एवढंच झालं. त्यांच्या मुलानं सकाळी आम्हाला ड्युटीवर शोधून चहा पाजला.

यात लपवण्यासारखं काय होतं ते मला कुणीतरी सांगा.

आता कायद्याचं. व्हॉट्सअ‍ॅपवर अर्धवट ऐकून आपलीच माणसं एकमेकांना घाबरवतात की रस्त्यावर गाणं म्हटलं तर केस होते. घटनेचं कलम 25 आपल्याला आपला धर्म मानायचा, पाळायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क देतं, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना बाधा न आणता. त्याच वेळी सुप्रीम कोर्टानं 1977 मधे स्टॅनिस्लॉस केसमधे हेपण सांगितलंय की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क नव्हे. दोन्ही गोष्टी तरुण संघाच्या पोरांना माहिती पाहिजेत, एकच सांगून उपयोग नाही. जबरदस्ती, फसवणूक, आमिष यापासून आपण लांब राहायचं ते कायद्याच्या भीतीनं नाही, येशूनं स्वतः कुणाला तसं बोलावलं नाही म्हणून. बायबलमधला तो श्रीमंत तरुण नाराज होऊन निघून गेला तेव्हा येशू त्याच्या मागं धावला नाही, त्याला जाऊ दिलं.

स्पीकरचा नियम वेगळा. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर चालत नाही, वर्षातल्या ठराविक दिवशी, जास्तीत जास्त 15, सरकार रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं, आणि त्या दिवसांची जिल्ह्याची यादी निघते ती आधी बघून घ्यायची. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्याभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असू शकतं. माझं तर म्हणणं आहे की राउंडला स्पीकर पाहिजेच कशाला. पंधरा माणसांचा गळा, पेटी, तबला, झांज, एका गल्लीला पुष्कळ झालं.

आणि परवानगीचा अर्ज करा ओ! ‘आपण कशाला पोलिसांकडं जायचं’ म्हणून बरेच पंच टाळतात. मी आमच्या दोघा-तिघांबरोबर गेले होते, साध्या कागदावर विनंती अर्ज, कुठून कुठं जाणार, किती ते किती वाजेपर्यंत, किती माणसं, जबाबदार दोघांची नावं आणि मोबाईल नंबर. ठाणे अंमलदारांनी वाचला, विचारलं डीजे आहे का, नाही म्हटल्यावर म्हणाले मग काय अडचण. पोच घेतली, शिक्का घेतला, झालं. ती पोच खिशात असली की पोरांच्या चालण्यातच फरक पडतो. जिथं अडवणूक होईल तिथं लेखी नकार मागायचा, शांतपणे, हुज्जत न घालता. अर्ज 20 तारखेला नाही, डिसेंबर लागला की लगेच द्यायचा.

बाहेर जायचं म्हणजे कसं, हेपण बोललं पाहिजे, कारण आपण जसे नाही तसं दाखवून बाहेर जाण्यात अर्थ नाही. ज्या घराला गाणं नको असेल तिथं थांबायचं नाही. कोपऱ्यावर, चौकात उभं राहून म्हणायचं, लोक बोलावतील तिथं दारात जायचं. वॉर्डात पत्रकं वाटायची नाहीत, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या हातात न मागता काही कोंबणं मला नर्स म्हणून कधीच बरं वाटलेलं नाही, तो नको म्हणू शकत नाही ना. कुणाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची तर त्यानं मागितली तर. आणि कुणी विचारलं की तुम्ही हे का करता, तर मग मात्र भीड धरायची नाही, सरळ सांगायचं की येशू आमचा तारणारा आहे, त्यानं आमच्या घरात काय केलं ते सांगायचं. बायबलमधे पेत्रानं लिहूनच ठेवलंय की विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेनं. मला तर आपल्यात उलटं झालेलं दिसतं, विचारलं तर आपण ‘असंच ओ, आमचा सण’ म्हणून विषय बदलतो आणि न विचारणाऱ्याच्या गाडीच्या वायपरला पत्रक अडकवून पळतो.

एक विषय कुणाला आवडणार नाही पण लिहिते. आजार बरे होण्याच्या सभा. मी प्रार्थनेवर विश्वास ठेवते, ऑपरेशन थिएटरच्या दारात उभं राहून मी स्वतः पेशंटसाठी प्रार्थना करते, देव बरं करतो यावर माझा पूर्ण भरवसा आहे. पण बॅनरवर कॅन्सर, शुगर, फिट्स यांची यादी छापून ‘या आणि बरे व्हा’ म्हणणं हे येशूचं नाही. डायबेटिसची एक बाई माझ्या वॉर्डात आली होती, कुठल्यातरी सभेत जाऊन आल्यावर तिनं इन्सुलिन बंद केलेलं, पाय इतका सडलेला की गुडघ्याखाली काढावा लागला. तिला कुणी स्पष्ट सांगितलं होतं का की इंजेक्शन बंद कर, मला माहिती नाही, पण चालू ठेव असंही कुणी सांगितलं नव्हतं. ज्या गावात वानलेसनी हॉस्पिटल बांधलं, त्या गावात ख्रिस्ताच्या नावानं कुणाचं औषध सुटावं याच्यासारखं दुःख नाही. येशूनं कुष्ठरोग्याला बरं केलं तेव्हा त्याला काय सांगितलं? कुणाला काही सांगत बसू नको, जा, याजकाला दाखव. म्हणजे त्या काळातली तपासणी करून घे. आणि ज्या लूकच्या शुभवर्तमानातून आपण नाताळची गोष्ट वाचतो तो लूक स्वतः वैद्य होता, पौलानं त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हटलंय. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आपल्यालाही लागू आहे, तो आपल्याविरुद्ध आहे असं समजून कुरकुरण्यापेक्षा पाळकसाहेबांनी नाताळच्या उपदेशातच एकदा सांगून टाकावं की प्रार्थना करा आणि गोळी वेळेवर घ्या. दोन मिनिटं लागतील. त्याचा जेवढा चांगला परिणाम बाहेर होईल तेवढा दहा बॅनरचा होणार नाही.

गाण्यांबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, क्वायरची आहे म्हणून समजून घ्या.

आपण मिरजेत राहतो. सतारमेकर गल्ली आपल्या गावात, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मधे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, अब्दुल करीम खाँसाहेब इथं राहिले आणि इथल्याच दर्ग्यात त्यांना मातीआड केलं, आजही तिथं उरुसाला मोठमोठे गवई येऊन गातात. आणि अशा गावात आपली पोरं नाताळला ब्लूटूथ स्पीकरवर ट्रॅक लावून इंग्रजी कॅरल म्हणतात, उच्चार धड नाहीत, अर्थ धड कळलेला नाही, आणि ऐकणाऱ्या शेजाऱ्याला वाटतं की हा सण कुठल्यातरी दुसऱ्या देशाचा आहे. इंग्रजी गाण्यांवर माझा राग नाही, म्हणा की एखादं, लहान पोरांना आवडतात. पण आपल्याकडं काय ठेवा आहे याची जाणीव तरी पाहिजे. कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनं उभी केली, नारायण वामन टिळकांनी ओव्या, अभंग, भजनं लिहिली, आणि ती आपल्या ‘उपासनासंगीत’ या गाण्यांच्या पुस्तकात आहेत, दर रविवारी हातात असतात.

टिळकांचं तर आपल्या बाजूशी जवळचं नातं आहे. 1895 मधे मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, बरीच वर्षं नगरकडं काम केलं, आणि 1917 मधे मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला आले. तिथं त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेल्याला आणि न घेतलेल्याला, येशूवर प्रेम करणाऱ्या सगळ्यांना जागा होती. 1919 च्या मे महिन्यात ते गेले, म्हणजे त्या कामाला फार वेळ मिळाला नाही. पण विचार करा, एवढा मोठा कवी, उतारवयात, मिशनचा आधार सोडून, साताऱ्यासारख्या गावात दार उघडं टाकून बसतो, कुणीही या म्हणतो, आणि तेपण अशा काळात जेव्हा ख्रिस्ती झालेल्या माणसाला घरचे वाळीत टाकत होते. त्यांच्या स्वतःच्या घरातच पत्नी लक्ष्मीबाई टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षं वेगळा विचार करत राहिल्या आणि 1900 मधे स्वतःच्या मनानं आल्या, टिळकांनी घाई केली नाही. भीती त्यांनाही असणार. आपल्यापेक्षा कमी नसणार. आज साताऱ्यापासनं दोन-अडीच तासांवर राहणाऱ्या आपण त्यांचंच भजन दार लावून म्हणायचं, हे मला बोचतं.

म्हणून तरुण संघाला माझी विनंती आहे की नोव्हेंबरपासून प्रॅक्टिस लावा. सहा गाणी पुरेत, चार तरी मराठी भजनी चालीतली, पेटी-तबल्यावर. गावात तबला शिकवणारे गुरुजी कमी नाहीत, त्यातले कुणी ख्रिस्ती नसले तरी ठेका शिकवायला ते नाही म्हणणार नाहीत, विचारून तर बघा. कॅथलिक बांधवांच्या गायकांनाही बोलवा, त्यांच्याकडं आवाज चांगले आहेत आणि आपण वर्षभर एकमेकांच्या गेटवरनं जातो पण आत जात नाही.

आता भांडणं. मला नावं घ्यायची नाहीत, कुणाची बाजूही घ्यायची नाही, पण जागेवरून, ट्रस्टवरून, खुर्चीवरून मंडळ्यांत दोन-दोन गट पडलेत, एकाच आडनावाची माणसं वेगवेगळ्या ठिकाणी प्रभुभोजन घेतात, कोर्टाच्या तारखा चालू आहेत. गावाला हे सगळं माहिती असतं, आपल्याला वाटतं नसतं. कोर्टातला वाद कोर्टात चालू द्या, तो माझ्या पत्रानं मिटणार नाही. पण कॅरल राउंड तरी एक काढा. दोन्ही गटातले निम्मे-निम्मे गायक, अर्जावर दोन्हीकडचा एकेक सही करणारा. वेदीजवळ अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, असं ज्यानं सांगितलं त्याच्याच वाढदिवसाला एवढं जमणार नसेल तर आपण रस्त्यावर कशाची सुवार्ता सांगणार? हे मी रागानं नाही लिहीत. माझी दोन्हीकडं माणसं आहेत आणि 25 तारखेला कुणाकडं आधी जायचं यावरून घरात रडारड होते, ती मी बघते.

गव्हाणीबद्दल, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याबद्दल, एक छोटी गोष्ट. आपण ती वेदीशेजारी मांडतो, छान सजवतो, गवत, कापूस, लाईटच्या माळा. असिसीच्या संत फ्रान्सिसनी 1223 मधे इटलीतल्या ग्रेचोला गव्हाण मांडली ती डोंगरातल्या गुहेपाशी, खरा बैल, खरं गाढव उभं करून, गावातल्या साध्या माणसांनी येऊन बघावं म्हणून. यंदा आपली गव्हाण गेटजवळ मांडूया, रस्त्यानं जाणाऱ्याला दिसेल अशी, शाळेतनं येणारी पोरं थांबतील, विचारतील. शेजारी कुणी ड्युटी लावून बसा, लहान पोरांना गोष्ट सांगा, पेढा द्या. आणि 25 ला दुपारी उपासनेनंतर गेट बंद करून घरी पळू नका, चार वाजेपर्यंत उघडं ठेवा, गल्लीतल्या लोकांना, समोरच्या दुकानदारांना, रिक्षा स्टॉपवरच्या भावांना, चौकीतल्या पोलिसांना, दर्ग्याकडच्या ओळखीच्या घरांना, सगळ्यांना आदल्या दिवशी सांगून या की फराळाला या. दिवाळीला त्यांची ताटं येतात, ईदला शीरखुर्मा येतो, आपल्या करंज्या-चकल्या मात्र हल्ली डब्यातच राहतात. महिला मंडळाला मी शब्द देते, एका दिवसाच्या फराळाचं मी रजा टाकून बघते.

पैशाचं विचाराल तर स्टेजचा एलईडी आणि शुभेच्छुकांचे फोटोवाले फ्लेक्स यातलं निम्मं कमी केलं तरी सगळं भागतं. त्यावर आणखी लिहीत नाही, प्रत्येक मंडळीला आपला खर्च माहिती आहे.

काही जण म्हणतील, बाई तुझं बोलणं ठीक आहे पण काही झालं तर? झालं तर, एखादा शिवी देईल. एखादा व्हिडिओ काढेल. काढू द्या, गाणंच तर आहे त्यात, आणि आपल्यातल्याही एकानं पूर्ण राउंडचं शूटिंग करावं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, म्हणजे कुणी तुकडा कापून फिरवला तर अख्खं आपल्याकडं आहे. कुणी अंगावर आलं तर पोरांनी हात उचलायचा नाही, गाणं थांबवायचं, पोच दाखवायची, 112 लावायचा, आणि बायका-पोरांना आधी बाजूला घ्यायचं. आपल्या मंडळीतले वकील असतील त्यांचा नंबर राउंडच्या आधी सगळ्यांच्या मोबाईलमधे पाहिजे. ज्या घराला खरंच धोका वाटतो, ज्यांना नको आहे, त्यांच्या दारात जाऊ नका, त्यांना कुणी भित्रं म्हणू नका. बाकीच्यांनी जावं. 2019 च्या महापुरात आपली पोरं कमरेएवढ्या पाण्यातनं भाकरीची पोती घेऊन गावभागात शिरली होती तेव्हा कुणी त्यांना नको म्हणालं नाही, आणि आपणही आधी परवानगीची वाट बघत बसलो नव्हतो. ती पोरं अजून आहेत. आता थोडी मोठी झालीत, लग्नं झालीत, पण आहेत.

तर पंच मंडळींना माझी विनंती आहे की नोव्हेंबरच्या पहिल्या मीटिंगला हा विषय अजेंड्यावर लेखी घ्या, ‘इतर विषय’ मधे ढकलू नका, आणि महिलांना व तरुणांना त्या मीटिंगला बोलवा. वानलेसवाडी ते मिशन हॉस्पिटल चौक असा एक रूट मी कागदावर काढून ठेवलाय, मधे तीन चौक आणि दोन हॉस्पिटलं लागतात, चालत दीड-दोन तास, म्हाताऱ्यांसाठी एक गाडी मागं. अर्जाचा नमुना माझ्याकडं आहे, ज्या मंडळीला पाहिजे तिनं रविवारी उपासनेनंतर मला गाठावं, झेरॉक्स देते. पेटी आमच्या घरची आहे, सूर लावून आणलीय. तबलजी एक ठरलाय, त्याची 23 ला नाईट आहे म्हणून दुसरा बघायचाय, कुणाच्या ओळखीत असेल तर कळवा.

ख्रिस्तात तुमचीच,
क्वायरमधली एक बहीण
वानलेसवाडी, सांगली